हात अडला तरी तोंड थांबू नये: गिटारवर मोजत वाजवण्याबद्दल वाचकांचे प्रश्न

या वेळी आलेल्या बहुतेक पत्रांचं दुखणं एकच आहे. कॉर्ड (एकदम छेडायचे स्वरगट) येतात, बोटं बसतात, पण गाणं धरून वाजवायला घेतलं की लय सांडते. म्हणून तारा कधी बदलाव्यात, कापो कुठे लावावा वगैरे प्रश्न पुढच्या वेळेसाठी ठेवले आणि फक्त मोजणीचे घेतले. उत्तरांत 'मात्रा' म्हणजे पायाने ठेका धरला तर जिथे पाऊल पडतं तो ठोका, आणि 'बार' म्हणजे अशा चार (कधी तीन) मात्रांचा गट. तबला शिकलेल्यांनी त्याला आवर्तन म्हणावं. बारे कॉर्डशी (एकच बोट आडवं टाकून अनेक तारा दाबायच्या कॉर्डशी) या बारचा काही संबंध नाही. नवशिक्यांचा हा घोटाळा हमखास होतो.

प्रश्न : मोठ्याने 'एक-दोन-तीन-चार' म्हणत वाजवायला सांगतात. पण मोजायला लागलं की हात थांबतो, आणि हाताकडे लक्ष दिलं की तोंड बंद पडतं. दोन्ही एकत्र जमवायचं कसं?

एकत्र सुरूच करू नका. दोन्ही कामं एकाच वेळी नवी असतात म्हणून ती एकमेकांना पाडतात. त्यातलं एक आधी अंगवळणी पाडून घ्यायचं, आणि ते मोजणीचं.

गिटार बाजूला ठेवा. मेट्रोनोम, म्हणजे ठरलेल्या वेगाने ठोके देणारं यंत्र, ६० वर लावा: मिनिटाला ६०, म्हणजे सेकंदाला एक ठोका. पहिले आठ ठोके नुसते ऐका. मग मांडीवर उजव्या हाताने थाप देत मोठ्याने 'एक, दोन, तीन, चार' म्हणा, थेट दोन मिनिटं. कंटाळा यायला लागला की समजा मोजणी अंगवळणी पडत आली.

आता गिटार घ्या, पण कॉर्ड धरू नका. डाव्या हाताची बोटं सहाही तारांवर हलकी टेकवा, दाबू नका. तारांतून सूर न येता 'चक्' असा बसका आवाज आला पाहिजे. मधूनच घंटीसारखा स्वर निघत असेल तर बोट नेमकं पाचव्या, सातव्या किंवा बाराव्या फ्रेटच्या (गिटारच्या मानेवरच्या आडव्या धातूच्या) पट्टीवर आलं आहे. थोडं सरकवा आणि एकाऐवजी दोन-तीन बोटं टेकवा. मग फक्त 'एक'वर एक डाऊन स्ट्रोक (हात वरून खाली नेत तारांवर फटका), बाकीचे तीन आकडे नुसते तोंडाने. असे आठ बार न अडखळता झाले की 'एक' आणि 'तीन'वर. तेही बसलं की चारही मात्रांवर. एवढं झाल्यावरच ई मायनर धरा, आणि कॉर्ड धरल्यावर पुन्हा फक्त 'एक'पासूनच सुरुवात करा. सरळ चारही मात्रांवर उडी मारली की मोजणी पहिल्या मिनिटातच गळून पडते.

यात चुकतं काय? सगळ्यात मोठी चूक ऐकायला बरोबर वाटते. आकडा आणि स्ट्रोक अगदी जुळून पडतात, पण हात अडखळला की तोंडही थांबतं आणि हात सावरला की पुढे निघतं. म्हणजे तोंड हाताचं धावतं वर्णन करत असतं. त्याने करायला हवं ते नेमकं उलटं: तोंडाने पुढे चालायचं आणि हाताने त्याला गाठायचं. हे तपासायची सोपी युक्ती आहे. वाजवता वाजवता एका बारापुरता हात मुद्दाम तारांवरून उचला, मोजत राहा आणि पुढच्या 'एक'वर परत या. हात नसताना मोजणी डळमळली तर ती हाताच्या आधाराने उभी होती.

दुसरी चूक श्वासाची. बहुतेक जण 'चार' म्हणून झालं की श्वास घेतात, त्यामुळे प्रत्येक बारच्या शेवटी लय किंचित लांबते. ऐकणाऱ्याला ते 'दर वेळी एक पायरी जास्त' असं जाणवतं. श्वास दोन बारांनी एकदा घ्या आणि बारच्या शेवटी न घेता 'तीन'च्या जागी घ्या. तो आकडा मनात म्हणा, पाय चालू ठेवा आणि 'चार'वर आवाज परत आणा.

तिसरी चूक पुटपुटण्याची. ओठांतल्या ओठांत म्हटलेल्या आकड्याला कडा नसतात, त्यामुळे तो कुठे सुरू झाला ते तुमचं तुम्हालाच कळत नाही. 'तीऽऽन' असा ओढलेला आकडाही त्याच कारणाने निरुपयोगी. आकडा टाळीसारखा तुटक हवा, आणि गिटारच्या आवाजावर चढून ऐकू यावा इतका मोठा.

प्रश्न : मोजणी मराठीत करावी की इंग्रजीत? क्लासमध्ये 'वन अँड टू अँड' शिकवतात.

कोणतीही चालेल, एकीलाच धरून राहा. मराठीची सोय अशी की एक, दोन, तीन, चार हे चारही शब्द तोंडातून एका झटक्यात निघतात. गंमत पुढे आहे. मात्रेचे दोन भाग करायचे तेव्हा मधल्या 'अँड'च्या जागी 'आणि' घेतलं तर ते दोन झटक्यांचं होतं आणि वेगात जिभेत अडकतं. 'अन्' घेतलं तर 'दोन' आणि 'तीन'च्या शेवटच्या 'न'मध्ये ते विरघळतं, 'दोनन् तीनन्' असं काहीतरी ऐकू येतं. 'नि' सगळ्यात बरा: 'एक नि दोन नि तीन नि चार नि'. छोटा आहे आणि त्याला स्वतःची सुरुवात आहे. पुढच्या सगळ्या उत्तरांत हाच वापरला आहे.

मात्रेचे चार भाग करायचे असतील, म्हणजे एकेक स्वर झरझर छेडायचा असेल, तर 'एक-इ-नि-अ, दोन-इ-नि-अ'. तबल्याचे किंवा कर्नाटक पद्धतीचे बोल सवयीचे असतील तर 'त-क-धि-मि' जिभेला जास्त सोपं जातं. फक्त त्यात कितवी मात्रा चालू आहे ते कळत नाही, म्हणून दर बारच्या सुरुवातीला 'त'ऐवजी 'एक' म्हणा.

प्रश्न : एकाच कॉर्डवर लय छान राहते. कॉर्ड बदलताना मात्र दर वेळी खंड पडतो. रोज कॉर्ड बदलायचा सराव करूनही फरक नाही.

बहुधा तो सराव मोजणीशिवाय होतो आहे. मिनिटात किती वेळा कॉर्ड बदलता येते हे मोजण्याचा व्यायाम लोकप्रिय आहे आणि बोटांना तो उपयोगीही आहे. पण त्यात बोटं पोहोचतील तेव्हा स्ट्रोक मारायचा असतो, आणि गाण्यात हीच सवय नडते. गाणं बोटांसाठी थांबत नाही.

थोडा हिशेब करू. ६० च्या लयीत एक मात्रा एक सेकंदाची आणि अर्धी मात्रा, म्हणजे 'चार'नंतरचा 'नि', अर्ध्या सेकंदाची. ८० च्या लयीत हीच अर्धी मात्रा सेकंदाच्या तीन-अष्टमांशावर येते. तुमच्या बोटांना जी कॉर्डहून सी कॉर्डवर जायला पाऊण सेकंद लागत असेल, तर 'चार नि'पर्यंत जुनी कॉर्ड धरून ठेवून नव्या 'एक'वर वेळेत पोहोचणं शक्यच नाही. हा हिशेब न करता माणसं स्वतःला लय नाही म्हणून बोल लावत बसतात.

म्हणून आधी बदलायला वेळ द्या आणि मग तो हळूहळू काढून घ्या. ६० वर चार मात्रांचा बार मोजा. 'एक'वर एकच स्ट्रोक मारा आणि 'दोन, तीन, चार' यात कॉर्ड बदला. बोटांना जवळजवळ चार सेकंद मिळतात. पुढच्या टप्प्यात 'एक' आणि 'दोन'वर स्ट्रोक मारून उरलेल्या वेळात बदल करा. मग 'एक, दोन, तीन' वाजवून 'चार'वर बदल. शेवटी चारही मात्रा वाजवून फक्त 'नि'मध्ये बदल. प्रत्येक टप्प्यावर दोनच कॉर्ड घ्या आणि सलग आठ बदल नीट झाल्याशिवाय पुढे जाऊ नका.

आता थोडा दिलासा. चांगले वादकसुद्धा जुनी कॉर्ड बारच्या अगदी शेवटापर्यंत धरून ठेवत नाहीत. 'चार'नंतरच्या 'नि'वर बोटं उचललेली असतात आणि तो अप स्ट्रोक (खालून वर येणारा फटका) मोकळ्या तारांवर पडतो. ओघात तो कुणाच्या कानाला खुपत नाही. खुपतो तो खंड. अपुरी बसलेली कॉर्ड वेळेवर वाजली तर चालेल, पूर्ण बसलेली कॉर्ड उशिरा वाजली तर चालणार नाही, असा नियम सरावापुरता तरी पाळा.

सुरुवातीच्या जोड्याही विचारपूर्वक निवडा. ए मायनरहून सी मेजरवर जाताना पहिलं आणि दुसरं बोट (तर्जनी आणि मधलं) जागचं हलत नाही. फक्त तिसरं बोट तिसऱ्या तारेच्या दुसऱ्या फ्रेटवरून उचलून पाचव्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर जातं (तारा सगळ्यात बारीक तारेपासून मोजायच्या). मोजत बदलण्याचा पहिला सराव यावर करा. ई मायनर ते ए मायनर त्यानंतर. जी ते सी आणि सी ते एफ या जोड्या लय शिकण्याच्या पहिल्या महिन्यात घेऊ नका. तिथे सगळं लक्ष बोटांकडे जातं आणि मोजणीला काही उरत नाही.

प्रश्न : 'डाऊन-डाऊन-अप-अप-डाऊन-अप' हा पॅटर्न पाठ आहे, पण गाण्याशी जुळत नाही. दोन अप सलग आले की गोंधळ होतो.

गोंधळ पॅटर्न शब्दांनी पाठ केल्यामुळे आहे. त्या सहा शब्दांत कुठे किती वेळ जातो याची काहीच माहिती नाही. 'डाऊन, डाऊन, अप, अप' असं समान अंतराने म्हणून बघा. लगेच वेगळंच काहीतरी तयार होतं.

एक नियम घ्या: आकड्यावर हात खाली जातो, 'नि'वर हात वर येतो, आणि तो कधीही थांबत नाही. आठ मात्राभागांत आठ हालचाली होतातच. त्यातल्या काहींमध्ये पिक (तारा छेडायची चकती) तारांना लागतं, काहींमध्ये तारांच्या अर्धा-एक इंच वरून रिकामं जातं. तुमचा पॅटर्न या मांडणीत असा दिसतो:

एक – डाऊन
नि – रिकामा (हात वर)
दोन – डाऊन
नि – अप
तीन – रिकामा (हात खाली)
नि – अप
चार – डाऊन
नि – अप

दोन अप सलग येतात ते या 'तीन'मुळे. त्यांच्या मधोमध हात खाली जातोच, फक्त तारांना न लागता. नवशिका नेमका इथे हात वरच रोखून धरतो, मग पुढचा अप मारायला त्याला हात घाईने खाली आणावा लागतो आणि तोवर वेळ निघून गेलेली असते.

बसवायची रीत: आधी आठही हालचाली तारांना लावून वाजवा, 'एक नि दोन नि तीन नि चार नि', सगळ्या सारख्या आवाजात. मग फक्त 'तीन' रिकामा करा, बाकी सात वाजवा. ती जागा सवयीची झाली की पहिला 'नि' रिकामा करा, पॅटर्न तयार. रिकाम्या जागेवरचा आकडा उलट जास्त जोरात म्हणा. गिटार गप्प असते तेव्हा लय धरून ठेवायला तोंडाशिवाय कुणी नसतं.

आणखी दोन बारकावे. हात कोपरापासून फार मोठा फिरवू नका. हालचाल जितकी मोठी तितकी ती वेगात अडते. आणि अप स्ट्रोक सहाही तारांवर न्यायचा प्रयत्न करू नका. खालच्या दोन-तीन बारीक तारांना लागला की पुरे. सगळ्या तारा ओढायच्या नादात पिक अडकतं आणि पुढचा आकडा चुकतो.

प्रश्न : मेट्रोनोम लावला की कधी मी पुढे, कधी तो पुढे. बंद केला की मात्र छान वाजतं!

बंद केल्यावर छान वाजतं असं वाटतं, कारण सांगणारं कुणी उरत नाही.

मेट्रोनोम सुरू करून लगेच वाजवायला लागणं ही नेहमीची चूक. आधी दोन बार नुसते ऐका, पुढचे दोन बार मोजा, मग हात लावा. ठोक्याची वाट बघून त्याला उत्तर दिल्यासारखा स्ट्रोक मारलात तर तुम्ही कायम मागे पडाल, कारण कानाने ऐकून हात हलेपर्यंत ठोका गेलेला असतो. पुढचा ठोका कधी येणार याचा अंदाज तुम्हीच बांधायचा. मेट्रोनोम तो अंदाज तपासायला आहे. स्ट्रोक अचूक पडला की ठोका गिटारच्या आवाजाखाली झाकला जातो, जणू यंत्र बंद पडलं. चार-सहा ठोके असे गायब झाले की तुम्ही लयीत आहात.

वेग वाढवायचा तर चारने वाढवा: ६०, ६४, ६८. तीन वेळा सलग बिनचूक झालं तरच पुढे जा, दोनदा चुकलं तर एक पायरी मागे या. हळूहळू मेट्रोनोमकडचं काम कमी करत चला. ८० च्या लयीतलं गाणं असेल तर यंत्र ४० वर लावा आणि तो ठोका 'एक' आणि 'तीन'वर धरा. नंतर तोच ठोका 'दोन' आणि 'चार'वर धरा. दुसरा प्रकार पहिल्यांदा डोकं फिरवतो. आधी ठोक्याबरोबर 'दोन… चार… दोन… चार' म्हणा, मग मधल्या जागी 'तीन' आणि 'एक' भरा. बऱ्याच मोबाइल ॲपमध्ये काही बार ठोका आणि एक बार शांतता अशी सोय असते. त्या शांत बारनंतर तुमचा 'एक' ठोक्यावर पडला का, यातून मोजणीची खरी पारख होते.

चावीचा, लोलकाचा मेट्रोनोम असेल तर तो सपाट जागेवर ठेवा. थोडा तिरका असला तरी तो 'टिक…टक-टिक…टक' असा लंगडतो आणि दोष स्वतःचा वाटतो. (योहान मेल्ट्सेलने १८१५ मध्ये पेटंट घेतलेलं हे यंत्र, जुन्या प्रकारावरची वेगाची पट्टी सहसा ४० ते २०८ असते.) मोबाइलचा ठोका ब्लूटूथ हेडफोनमधून ऐकत असाल तर आवाज किंचित उशिरा पोहोचतो. नुसत्या सरावात त्याने बिघडत नाही, कारण तुम्ही जे ऐकता त्याच्याशीच जुळवता. पण पडद्यावरचा चमकणारा दिवा पाहत वाजवलंत किंवा त्याच मोबाइलवर ध्वनिमुद्रण करून जुळवायला गेलात तर फरक दिसेल. तारेचा इअरफोन वापरा.

प्रश्न : वेगात बरं वाजतं, पण ५० च्या लयीत मी हमखास पुढे पळतो. संथ तर सोपं असायला हवं ना?

बोटांना सोपं, मोजायला अवघड. ५० वर दोन ठोक्यांमध्ये १.२ सेकंदाची पोकळी असते आणि एवढ्या लांब पोकळीचा अंदाज चुकायला भरपूर वाव मिळतो. पोकळीच लहान करा: 'एक नि दोन नि' म्हटलंत की ती ०.६ वर येते, 'एक-इ-नि-अ' म्हटलंत तर ०.३ वर. संथ लयीत हात जितका कमी काम करतो तितकं तोंडाने जास्त करायचं. स्ट्रोक बारला एकच असला तरी मोजणी चौपट चालू द्या.

प्रश्न : पायाने ठेका धरला तर चालेल का, तोंडाऐवजी?

तोंडाबरोबर चालेल, ऐवजी नको. पाय फार आज्ञाधारक असतो, पण हाताचा! हाताने 'नि'वर जोर दिला की पाऊलही तिथेच पडायला लागतं आणि तुम्हाला पत्ता लागत नाही. आकडे म्हणत असाल तर ही चोरी लगेच पकडली जाते. टाच जमिनीवर टेकलेली ठेवा, आकड्यावर चवडा खाली, 'नि'वर चवडा वर. स्ट्रमिंगचा, म्हणजे तारा छेडणारा, हातही असाच खाली-वर जातो, त्यामुळे दोघे एकमेकांना सांभाळतात. अख्खा पाय उचलून आपटलात तर मांडीवरची गिटार हलते.

प्रश्न : तीन-चार (3/4) आणि सहा-आठ (6/8) या दोन्ही तालांच्या बारमध्ये सहाच भाग येतात. मग फरक काय, आणि मोजायचं कसं?

फरक जोर कुठे पडतो याचा. तीन-चारमध्ये सहाचे दोन-दोनचे तीन गट: 'एक नि दोन नि तीन नि'. सहा-आठमध्ये तीन-तीनचे दोन गट: 'एक दोन तीन चार पाच सहा'. पाऊल पहिल्यात तीनदा पडतं, दुसऱ्यात दोनदा. दादरा ओळखीचा असेल तर 'धा धी ना, धा ती ना' ही विभागणी सहा-आठच्या जवळची आहे.

मराठीत मोजताना इथे एक खड्डा आहे. एक ते पाच एका झटक्याचे, पण 'सहा' दोन झटक्यांचा. वेग वाढला की 'सहा' म्हणण्यात पुढचा 'एक' मागे सरकतो आणि दर बारला लय अडखळते. त्यावर दोन उपाय. एकतर 'सहा'चा 'सा' करा, किंवा गटच मोजा: 'एक-त-क, दोन-त-क'. दुसरा उपाय चांगला, कारण पाऊल कुठे पडतं ते त्यात आपोआप कळतं.

हाताचं काय? संथ असेल तर सहाही डाऊन मारा, पहिला आणि चौथा जोरात. वेगात 'डाऊन-अप-डाऊन, डाऊन-अप-डाऊन'. तिसऱ्या आणि चौथ्या भागाच्या मध्ये हाताला चटकन रिकामं वर यावं लागतं; अडखळतं ते तिथे. नुसतं डाऊन-अप आलटूनपालटून चालू ठेवणारेही आहेत, पण मग चौथ्या भागाचा जोर अप स्ट्रोकवर येतो आणि तो नवशिक्याकडून पुरेसा उठत नाही.

प्रश्न : धून वाजवताना लांब स्वर आणि मधली शांतता यांत माझी मोजणी चुकते.

स्वर लांब असला की त्याला कुठे संपवायचं हे ठरवावंच लागतं. दोन मात्रांचा स्वर 'एक'वर सुरू झाला तर तो 'तीन' येईपर्यंत हवा. बहुतेक जण 'दोन' म्हणून झालं की सोडतात आणि पुढचा स्वर लवकर घेतात. 'एक-दोन' म्हणताना दुसऱ्या आकड्याची पूर्ण लांबी जाऊ द्या.

शांततेचं गिटारवर वेगळंच आहे. छेडलेली तार आपणहून गप्प बसत नाही, वाजतच राहते. त्यामुळे विराम मोजला तरी ऐकू येत नाही आणि न ऐकू आलेला विराम पुढच्या वेळी खाल्ला जातो. विरामाच्या आकड्यावर तार प्रत्यक्ष बंद करा: दाबलेला स्वर असेल तर डाव्या हाताचा दाब सैल करा पण बोट तारेवरून उचलू नका, मोकळी तार असेल तर उजव्या तळव्याची कड टेकवा. विराम ही हातांची एक हालचाल झाली की ती मोजणीतून सुटत नाही.

प्रश्न : गाताना आकडे कसे म्हणणार? गायला लागलं की स्ट्रमिंग शब्दांच्या मागे धावतं.

गाताना आकडे म्हणता येत नाहीत, म्हणून ते आधी शब्दांखाली लिहून ठेवायचे. गाण्याची एक ओळ कागदावर घ्या. तारा बंद करून फक्त मात्रांवर 'चक्, चक्' करत ती ओळ न गाता, बोलल्यासारखी म्हणा आणि ज्या अक्षरावर 'एक' पडतो त्याखाली १ लिहा. मग २, ३, ४. पुष्कळ गाणी 'एक'वर सुरूच होत नाहीत, समेच्या आधी एक-दोन मात्रा उठतात. पहिला शब्द 'चार'वर असताना तुम्ही तो 'एक' समजून कॉर्ड धरलीत तर अख्खं गाणं एका मात्रेने सरकतं, आणि मग दोष स्ट्रमिंगला दिला जातो.

आकडे लिहून झाले की क्रम असा: मोजत वाजवा, गुणगुणत वाजवा, बोलत वाजवा, शेवटी गात वाजवा. स्ट्रमिंग मात्रेला एक डाऊन इतकंच ठेवा. पॅटर्न नंतर. ओळींच्या मधल्या रिकाम्या जागेत, जिथे शब्द नाहीत तिथे, आकडे पुन्हा मोठ्याने म्हणा. गळती लागते ती याच जागेत.

प्रश्न : हे मोठ्याने मोजणं किती दिवस करायचं?

नव्या गोष्टीला दर वेळी, जुन्या गोष्टीला तपासणीपुरतं. नवा पॅटर्न, नवी कॉर्डची जोडी किंवा नवं गाणं हातात घेतलं की पहिल्या दहा मिनिटांत आवाज हवाच.

जुनी गोष्ट तपासायची तर मेट्रोनोम न लावता मोबाइलवर सोळा बार ध्वनिमुद्रित करा: पहिले चार मोठ्याने मोजत, मधले आठ मनात, शेवटचे चार पुन्हा मोठ्याने. नंतर ऐकताना मेट्रोनोम ॲपमधल्या 'टॅप' बटणावर पहिल्या चार बारांबरोबर बोट आपटा, ॲप दाखवेल तो वेगाचा आकडा लिहून घ्या. शेवटच्या चार बारांचाही घ्या. बोट आपटण्यातच एक-दोनचा फरक पडतो, तेवढा सोडून द्या. सुरुवात ७२ आणि शेवट ८० असेल तर मधले आठ बार अजून मनात मोजण्यासारखे झालेले नाहीत. मग तेच आठ बार मोठ्याने मोजत पुन्हा मुद्रित करा. त्यात आकडे जुळले तर गळती मनातल्या मोजणीत आहे, तेव्हा आठऐवजी आधी दोन बार मनात मोजा, मग चार. आवाज असूनही ८० वर जात असाल तर बहुधा सोप्या कॉर्डवर हात पुढे पळतो आणि तोंड त्याच्यामागे फरफटत जातं. तेव्हा पहिल्या उत्तरातला हात उचलायचा प्रयोग त्या बारांवर करा.